तिवर, कांदळ, खारफुटी: शब्द एकच का?

ऐरोलीला खाडीकाठी पाटी लागली आहे, 'कांदळवन पुनर्स्थापना'. आमच्या कोळीवाड्यात हा शब्द कुणाच्या तोंडी नाही. आजी 'तिवरं' म्हणायची, शाळेच्या पुस्तकात 'खारफुटी' होतं. बरोबर काय? आणि 'पुनर्स्थापना' योग्य आहे का?

—

आजींचा शब्द अगदी नेमका आहे. तिवर हे एका जातीच्या झाडाचं नाव, आणि ठाणे खाडीत तेच सगळ्यात जास्त. झाडाभोवती चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी मुळं वर आलेली दिसतात ना, ते तिवर. कांदळ निराळं: खोडापासून कमानीसारखी मुळं खाली उतरतात, बी झाडावरच रुजून शेंगेसारखं लोंबतं आणि मग चिखलात पडतं. तिसरी चिपी, पांढऱ्या चिपीला २०२० साली राज्याच्या कांदळवृक्षाचा मान मिळाला. खारफुटी हे या सगळ्यांचं मिळून नाव. 'कांदळवन' रुळलं ते वनखात्यामुळे, त्यांचा कक्षच त्या नावाचा.

—

'पुनर्स्थापना' मला खटकते. स्थापना मूर्तीची होते, आणून ठेवली की झाली. आमच्या इमारतीमागे बांध घातला आणि भरती अडली. वर्षभरात तिवरं वाळून काळी पडली. पुढे बांध फोडून पाणी आत घेतलं. एकही रोप कुणी लावलं नाही, तरी दुसऱ्या पावसाळ्यानंतर बोटभर उंचीची तिवरं उगवली होती. बी भरतीबरोबर आलं. याला 'पुनरुज्जीवन'च म्हणायला हवं.

'लागवड' तर त्याहून जपून वापरावा. ओहोटीला उघडा पडणारा चिखल रिकामा दिसतो म्हणून तिथे रोपं खोचतात. तो रिकामा नसतो, रोहित पक्षी तिथेच चरतात. (फ्लेमिंगोला 'रोहित' हा किती सुंदर शब्द आहे, वापरा हो!) त्यांच्यासाठीच २०१५ साली इथे अभयारण्य झालं, २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. त्या चिखलावर झाडं लावणं म्हणजे पाखरांच्या पुढ्यातलं ताट ओढून घेणं.

—

दोघांचे आभार. काल ओहोटीला मुद्दाम पाटीपाशी जाऊन आलो. रोपं ओळीनं लावली आहेत, अर्धी सुकलीत. पलीकडे नाल्याच्या तोंडाशी, जिथे पाणी ये-जा करतं, तिथे पेन्सिलींसारखी मुळं दिसली आणि त्यांच्यामधून निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारत होत्या. आजी त्याच पकडायला तिवरांत शिरायची.