इंग्लिश शब्द पाठ होतात पण वापरताना चुकतात, काय करू?

खानापूरचा पोरगा:
नमस्कार. माझी दहावीपर्यंत मराठी शाळा, पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) कॉमर्स घेतलं आणि एकदम सगळं इंग्लिशमध्ये आलं. आता बीकॉम झालंय, बँकेच्या परीक्षेची तयारी करालोय. रोज २० शब्द वहीत उतरून काढतो, डावीकडं इंग्लिश, उजवीकडं मराठी, आणि सकाळच्या बेळगाव गाडीत घोकत बसतो. आठवड्यानं बघितलं की निम्मे गेलेले असतात. ते एकवेळ जाऊ दे, पण परवा क्लासमध्ये निबंधात आजोबांबद्दल लिहिलं, एक धोतर चार वर्षं वापरायचे पण पोरांच्या फीला कधी नाही म्हटले नाहीत, आणि शेवटी लिहून ठेवलं, ही वॉज स्टिंजी. सरांनी लाल गोल मारला. माझ्या वहीत फ्रूगल म्हणजे कंजूष आणि स्टिंजी म्हणजे पण कंजूषच! आजोबा गेल्या वर्षी वारले, त्यांच्याबद्दल असला शब्द माझ्या हातनं लिहिला गेला, लई वाईट वाटलं. कसं शिकायचं सांगा.

निपाणीची ताई:
अरे, चूक तुझी नाही, त्या उजव्या कॉलमची आहे. कंजूष हा एकच शब्द दोघांना लावलास, पण आपल्या मराठीत काटकसरी वेगळा आणि चिक्कट वेगळा, हे तुला लहानपणापासून माहीत आहे की. फ्रूगल म्हणजे काटकसरी, त्यात कौतुक आहे. स्टिंजी म्हणजे चिक्कट, त्यात नावं ठेवणं आहे. तसंच चाइल्डिश म्हणजे पोरकट आणि चाइल्डलाइक म्हणजे निरागस, गाइडमध्ये मात्र दोन्हीपुढं 'बालिश' छापलेलं मी बघितलंय. मी बारा वर्षं इंग्लिश शिकवते, मराठी कच्ची असलेल्या पोरांना हा फरक समजवायला फार जड जातं. शब्द लिहिलास की स्वतःला विचार, हा मी कुणाच्या तोंडावर म्हणू शकेन का?
आणि कन्नड कसं आलं तुला? बाजारात, गाडीत ऐकून ऐकून. वही नव्हतीच. इंग्लिशलाही वाक्य लागतंच.

टिळकवाडी_०८:
मुळं धर भावा. मलेरिया माहीत आहे ना, इटालियनमध्ये माला आरिया म्हणजे खराब हवा, पूर्वी लोकांना वाटायचं दलदलीच्या घाण हवेनं हा ताप येतो. तोच मल पुढं मॅलिस, मॅलिग्नंट, मॅलेव्होलंट सगळ्यांत वाईटपणा घेऊन येतो. उलट बेने म्हणजे चांगलं, म्हणून बेनेव्होलंट. एका मुळात पाचसहा शब्द निघतात. आणि इंग्लिशला घाबरू नको, त्यांचा मंगूज आपल्या मुंगसावरनंच गेलाय.

कडोलीकर:
मुळं बरी, पण त्यांच्यावर डोळे झाकून जाऊ नको. नॉइसम बघून मी परीक्षेत गोंगाट टिक केलं होतं, त्याचा अर्थ घाण वास मारणारा, तो अनॉयच्या घरातला. एनर्व्हेट वाचून वाटतं अंगात जोर आला, अर्थ नेमका उलटा, जोर काढून घेणं.
विसरण्याचं म्हणशील तर एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सगळ्यात जास्त पहिल्या दिवसातच गळतं, नंतर गळती मंदावते. म्हणजे आठवड्यानं वही उघडून उपयोग नाही, दुसऱ्या दिवशीच बघायचं. मी कुंदा मिठाईचा रिकामा बॉक्स घेतला, आत पुठ्ठ्याचे पाच कप्पे केले, जुन्या लग्नपत्रिका कापून कार्डं केली. पुढं शब्द, मागं माझं स्वतःचं वाक्य. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, पाचवा महिन्यानं. रोज २० नको, ७ घे.

खानापूरचा पोरगा:
ताई, दादा, लई उपकार झाले. आज रात्री बॉक्स करतो, पत्रिका तर घरात ढीगभर आहेत. फ्रूगलच्या मागं आजोबांच्या धोतराचंच वाक्य लिहितो. ताई एक अडलंय, थ्रिफ्टी पण काटकसरीच ना? मग फ्रूगल कुठं वेगळा?

निपाणीची ताई:
चांगलं विचारलंस. फ्रूगल माणसाची गरजच थोडकी, साधी भाजीभाकरी, साधा कपडा. थ्रिफ्टी माणूस पैसा जपून वापरतो आणि चार पैसे बाजूला टाकतो. फ्रूगल जेवणालाही म्हणतात, फ्रूगल मील, तिथं थ्रिफ्टी सहसा बसत नाही. आजोबांना दोन्ही लागतात बघ, धोतराला फ्रूगल आणि फीसाठी साठवलेल्या पैशाला थ्रिफ्टी. दोन कार्डं कर.