मदत हवी आहे: पाकट माशाचा (स्टिंग रे) काटा लागलाय, कळ थांबत नाहीये

खारा_वारा, सकाळी ८:१२
भावाला रापणीचं जाळं ओढताना पाकटाने मारलं. बर्फ लावतोय तरी कळ वर चढतेय. घरचे म्हणतात चुना भरा. मालवणला न्यायला गाडी बघतोय. तोवर काय करू? पटकन सांगा.

केळशीकर, ८:१५
कुठे लागलंय ते लिहा ना! पाय, हात की पोट? काटा आत आहे का?

दालदी, ८:१६
बर्फ काढा आधी. गरम पाणी घ्या, सोसवेल इतकं, ४५ अंशांच्या वर नको. ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवायचं, निवलं की बदलायचं. पाकटाचं विष उष्णतेने निकामी होतं, कळ त्यानेच उतरते.

मीनाक्षी_पुणे, ८:१८
व्हिनेगर ओता. ऑस्ट्रेलियात तेच करतात.

दालदी, ८:१९
ते काही जेलीफिशसाठी, ताई. इथे उपयोग नाही.

आबा_वेंगुर्ला, ८:२३
आमच्या वडिलांना लागलं होतं. हळद-चुना भरला आणि चार दिवसांत पुन्हा होडीवर. गरम पाणी वगैरे कोणी केलं नाही.

केळशीकर, ८:२४
आबा, त्यांच्या जखमेत तुकडा राहिला नसेल. चुन्याने कातडी भाजते, शिवाय डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही. खारा_वारा, कुठे लागलंय?

खारा_वारा, ८:३१
घोट्याजवळ. काटा त्यानेच उपसला. पाणी तापवलं.

अपघात_विभाग, ८:३४
मी रुग्णालयात याच विभागात आहे. पाणी आधी स्वतःच्या हाताने बघा, त्याला दुखण्यापुढे भाजलेलं कळणार नाही. काट्याला दोन्ही कडांनी करवतीसारखे दाते असतात आणि वर पातळ आवरण असतं. ते फाटून जखमेत राहतं. म्हणून कळ थांबली तरी दवाखान्यात जाच. एक्स-रे, जखम धुणं, धनुर्वाताचं इंजेक्शन. अशी खोल जखम घट्ट शिवून बंद करत नाहीत. श्वास लागला, चक्कर आली तर १०८. त्याला काही आजार?

गिरगावकर, ८:४०
२०१३ च्या विसर्जनात चौपाटीवर कितीतरी जणांना पाकटांनी मारलं होतं. म्हणून उथळ पाण्यात पाय वाळूवर घासत चालावं, पाकट आधीच बाजूला होतो.

केळशीकर, ८:४१
त्याला लागून झालंय हो.

मीनाक्षी_पुणे, ८:४४
टीव्हीवरचा तो मगरवाला स्टीव्ह आयर्विन २००६ मध्ये यानेच गेला ना? मला तर भीती वाटते.

अपघात_विभाग, ८:४६
त्याला छातीत लागलं होतं. छाती, मान, पोट यांत रुतलेला काटा कधीच उपसू नये. घोट्याचं प्रकरण वेगळं. पण आजार कोणता ते कळू दे.

आबा_वेंगुर्ला, ८:५०
तो पाकट टाकला की ठेवला? सुक्या पाकटाचं तिखलं फार छान होतं.

खारा_वारा, ८:५८
कळ निम्म्याने उतरली. त्याला साखर आहे, गोळ्या चालू आहेत. हे सांगायला हवं का?

अपघात_विभाग, ८:५९
सगळ्यात आधी हेच सांगा! समुद्राच्या पाण्यातले जंतू मधुमेहींच्या जखमेत झपाट्याने वाढतात. अँटिबायोटिक बहुतेक लागेल. आजच जा, उद्यावर ढकलू नका.

खारा_वारा, ९:०५
गाडी आली. निघतोय.

आबा_वेंगुर्ला, ९:०७
सांभाळून न्या. चुना नका भरू मग.