उसाच्या फडात पिल्लं सापडली तर नेमकं काय करायचं?

ऊसवाला_शहादा
शहादा-तळोदा भागात तोड सुरू झाली की फडात पिल्लं सापडतातच. टोळीतलं कुणीतरी लगेच म्हणतं, "हाई बिबट्यानंच पिल्लू शे!" मग कोयते खाली आणि फोटो गावभर. ओळखायचं कसं? वनखात्याची माणसं येईपर्यंत काय करायचं? आणि तोड किती थांबवायची? मुकादमाला नुसतं "थांब" म्हणून भागत नाही.

रानवाट
आधी लांबूनच शेपूट बघा. बिबट्याच्या पिल्लाची शेपूट लांब, पंजे अंगाच्या मानाने जाड, अंगावर दाट गडद ठिपके. जन्मतः वजन साधारण अर्धा किलो, डोळे दहाएक दिवसांनी उघडतात. रानमांजराची शेपूट आखूड, टोकाकडे काळी वलयं. पिल्लांच्या अंगावर पट्टे असतात, ते पुढे पुसट होतात. खरी फसगत होते ती वाघाटीमुळे, म्हणजे ठिपक्यांच्या छोट्या जंगली मांजरीमुळे. तिच्या अंगावरही ठिपके, पण ते पाठीवर ओळीने, कपाळावर उभ्या रेघा, आणि पिल्लू तळहातात मावेल एवढंच. पूर्ण वाढलेली वाघाटीसुद्धा दीड किलोच्या आसपास.

तिन्ही प्राणी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतात, त्यामुळे "मांजरच आहे, घरी नेऊ" हेही चालत नाही. वनविभागाचा टोल फ्री नंबर १९२६.

गुरांचा_डॉक्टर
दूध पाजू नका! गाईच्या दुधाने हगवण लागते, आणि बाटली जबरदस्तीने तोंडात घातली की दूध फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. पिल्लं याच उपकारांनी मरतात. भूक एक दिवस निभते, ऊन निभत नाही, म्हणून वर उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) आडवं टाकून सावली करा आणि बाजूला व्हा. पाणीसुद्धा तोंडात सोडू नका. अंगातलं पाणी कमी झालंय का ते तपासून डॉक्टर सलाईन देईल.

रानवाट
तोडीचं म्हणाल तर सगळा फड थांबवायची गरज नाही. पिल्लांभोवतीचा आठ-दहा सऱ्यांचा पट्टा उभा ठेवा आणि टोळी दुसऱ्या टोकाला न्या. आई मात्र त्याच उसात दबून असू शकते, म्हणून एकट्या-दुकट्याने आत शिरू नये. त्या दिवशी पाचट (उसाचा वाळका पाला) पेटवायचं नाही.

बिबट्याचीच निघाली तर वनखात्याची माणसं तपासणी करून ती अंधार पडायच्या आत सापडल्या जागीच ठेवतात. हातमोजे घालून, हवेशीर प्लास्टिक क्रेटमध्ये. काठ एवढा उंच की पिल्लू बाहेर रांगणार नाही, पण आईला तोंडाने उचलता येईल. समोर आपोआप फोटो काढणारा ट्रॅप कॅमेरा, आणि माणसं, गाड्या, बॅटऱ्या सगळं लांब. मादी एकेक पिल्लू नेते. रात्रीतून एकच नेलं तर उरलेलं तिथेच ठेवून दुसऱ्या रात्री वाट बघायची. फसतं कुठे, तर बांधावर व्हिडिओ काढायला पोरं जमली की. गलबला असेपर्यंत ती येत नाही.

बांधावरचा
पण पिल्लं परत दिली म्हणजे बिबट्या इथेच राहणार. पिंजरा लावून मायलेकरं सातपुड्यात सोडा ना.

रानवाट
भाऊ, ते जुन्नरला करून झालंय. २००१ पासून बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, तर माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. सोडलेला बिबट्या अनोळखी मुलखात भरकटतो, आणि इथली रिकामी जागा दुसरा धरतो. पिल्लं उचलून नेली तर मादी त्याच वावरात शोधत फिरते, ते टोळीच्या कोप्यांना (राहायच्या झोपड्यांना) जास्त धोक्याचं. ऊस तुटला की आडोसा जातो, पिल्लं मिळाली की ती आपण होऊन हलते.

ऊसवाला_शहादा
शेजारच्या खोडव्याला (तोडीनंतर फुटलेल्या उसाला) पाणी चालू आहे, लाईट रात्रीची. भरणं चालू ठेवलं तर?

रानवाट
त्या रात्री भरणं नको. स्टार्टरचं ऑटोही काढून ठेवा. नाहीतर मध्यरात्री थ्री फेज आली की मोटार आपोआप सुरू होते आणि सरीतलं पाणी थेट क्रेटखाली.