बेटावरच्या सुट्टीत जुन्या धाटणीची उघडी गाडी: घ्यावी की टाळावी?

किनारपट्टी
उष्ण कटिबंधातल्या छोट्या बेटावर सुट्टीला निघालेल्यांना ठरलेला सल्ला मिळतो: एसी हॅचबॅक घ्या आणि मोकळे व्हा. मला तो पटत नाही. रस्ते अरुंद, वळणावळणांचे, अंतरं कमी. तिथे ताशी १०० च्या वर जायची वेळच येत नाही. बीटल कॅब्रिओ (उघडणाऱ्या छपराची बीटल), मिनी मोक, सित्रोएन मेहारी या गाड्या अशाच संथ रस्त्यांसाठी उत्तम. सेशेल्स आणि बार्बाडोसला मोक भाड्याने चालत आली ती उगाच नाही. दरवाजे नाहीत, वाळू पाण्याच्या पाइपने धुऊन काढता येते, ओल्या कपड्यांनी बसलं तरी सीटचं बिघडत नाही. परवडत असेल तर पूर्ण सुट्टीभर अशीच गाडी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. विरोध असेल तर कारणांसह लिहा.

पाना-पक्कड
कारणांसह विरोध. पहिलं कारण ब्रेक. ज्वालामुखीतून झालेली बेटं मधोमध उंच असतात आणि बघायच्या जागा बऱ्याचदा वरच असतात. जुन्या बीटलला बहुधा चारही चाकांना ड्रम ब्रेक, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. लांब उतारावर ब्रेक दाबूनच उतरलं तर ड्रम तापून प्रसरण पावतो, त्याला आतून घासणाऱ्या लायनरची पकड सुटत जाते आणि पेडल खाली खाली जातं. शिवाय ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ प्रतीचं कोरडं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल धरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० वर येते. उकळलं की पाइपात वाफ होते, पायाचा जोर ती वाफ दाबण्यातच जातो आणि पेडल तळाला टेकतं. दमट हवेच्या बेटावर हे ऑइल दर दोन वर्षांनी बदलायला हवं. कधी बदललं, हे गाडी घेताना किती जण विचारतात?

किनारपट्टी
ब्रेकचा मुद्दा मान्य, त्यावरून काढलेला निष्कर्ष नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेक थोडा वेळ ठाम दाबायचा, वेग उतरला की पूर्ण सोडायचा. न्यूट्रलवर गाडी कधीच सोडायची नाही. आणि ताब्यात घेतानाच उभ्या गाडीत पेडल जोरात दाबून अर्धा मिनिट धरा. हळूहळू खाली गेलं तर ऑइल कुठेतरी सुटतंय. स्पंजसारखं लागलं तर पाइपात हवा आहे. दोन-तीनदा मारल्यावरच वर येत असेल तर बहुधा ब्रेक ॲडजस्ट केलेले नाहीत. तिन्हींपैकी काहीही असेल तर किल्ली परत करा.

खारा वारा
दोघेही एक गोष्ट धरूनच चाललात की गाडी खरोखर जुनी आहे. 'जुन्या धाटणीची' म्हणून तीन प्रकारचा माल दिला जातो. एक, खरी जुनी गाडी. दोन, जुन्या बीटलच्या चासीवर (खालच्या सांगाड्यावर) चढवलेली फायबरची बॉडी, पोर्शे ३५६ किंवा जुन्या एमजीसारखी दिसणारी. तीन, जुनं रूप दिलेली त्या मानाने नवी गाडी. निसान फिगारो १९९१ ची, ९८७ सीसी टर्बो, तीन गिअरची ऑटोमॅटिक, एसी; आत सगळी निसानचीच छोटी मायक्रा. दुसऱ्या प्रकारातच लोक सर्वांत जास्त फसतात. फायबर गंजत नाही, म्हणून गाडी नव्यासारखी चकाकते, पण खालचा पोलादी पत्रा खाऱ्या हवेने खाल्लेला असू शकतो.

खऱ्या कॅब्रिओत गंज बघायची जागा म्हणजे दरवाज्याखालचा पट्टा. छप्पर नसल्याने बॉडीचा ताठपणा त्या दोन पट्ट्यांवरच असतो. दार बंद करून त्याच्या फटीकडे निरखून बघा. फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसली, तर गाडी मध्यात वाकलेली आहे. मग पायाखालचं मॅटिंग उचला. तिथे ओल, पापुद्रे किंवा ताजं काळं डांबरी कोटिंग दिसलं तर ती गाडी नको. टायरवर DOT या अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. अशी गाडी कमी धावते, त्यामुळे नक्षी शाबूत असते आणि बाजूचं रबर मात्र उन्हाने भेगाळलेलं.

दोन लेकरांची आई
सगळी चर्चा दोन मोठ्या माणसांना धरून चालली आहे. लहान मुलं बरोबर असतील तर या गाड्या नकोतच, आणि यात मधला मार्ग मला दिसत नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत मागे पट्टाच नाही, असला तर फक्त कमरेचा. मुलांची सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हुक नाहीत. उलटल्यावर डोकं वाचवील असा रोल बार बहुतेकींना नाही, एअरबॅग नाही. बाळाची मागे तोंड करून बसवायची सीट कमरेच्या पट्ट्यावर बसते की नाही, हे त्या सीटच्या माहितीपुस्तिकेत बघावं लागतं. बसली तरी बाळाच्या चेहऱ्यावर थेट ऊन. 'वेग कमी आहे' हा युक्तिवाद इथे चालणार नाही, कारण समोरून येणारा ट्रक कमी वेगात असेलच असं नाही.

किनारपट्टी
ताई, पूर्ण सहमत. मुलं असतील तर नाहीच. माझं म्हणणं मोठ्यांपुरतं.

सावलीत बरा
मोठ्यांपुरतंही पूर्ण सुट्टीभर नको. दुपारी अतिनील निर्देशांक तिथे सहज ११ च्या वर जातो, आणि ही त्या मोजपट्टीची सर्वांत वरची पायरी. वाऱ्यामुळे घाम सुकतो, त्वचा भाजतेय हे कळत नाही. सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं, मांड्यांना आणि पायाच्या पंजांनाही. टप (कापडी छप्पर) उघडं ठेवून गाडी उन्हात लावली की रेक्झिनची सीट आणि पट्ट्याचं बकल पोळतं. जाड टॉवेल टाकून ठेवा.

पावसाचं वेगळंच. सर सांगून येत नाही आणि हाताने चढवायचं टप म्हणजे सांगाडा उचलणं, पुढच्या काचेवर दोन खिट्ट्या लावणं, मग बाजूची टिचबटणं. सराव नसेल तर पाच मिनिटं गेली. गाडी घेतानाच टप एकदा स्वतः चढवून-उतरवून बघा. मागची खिडकी प्लास्टिकची असेल तर दुमडताना मध्ये मऊ फडकं घाला, नाहीतर घडीवर चीर जाते. ओलं टप घडी करून ठेवलं तर बुरशी धरते. आणि एसी नसल्याने बंद गाडीत काचेवर आतून वाफ धरते, ती वेगळीच.

पाना-पक्कड
त्या प्लास्टिक खिडकीवरूनच पैशांचं सांगतो. टप, काच, टायर, गाडीचं बूड आणि आत शिरलेलं पाणी या गोष्टी भाड्याच्या विम्यातून वगळलेल्या असतात, निदान बऱ्याच करारांत. अनेक क्रेडिट कार्डांचं विमा संरक्षण ठरावीक वयापुढच्या गाडीला लागूच होत नाही. नुकसानीचा पहिला किती हिस्सा आपल्या खिशातून, हा आकडा लेखी घ्या. कच्च्या रस्त्यावर गेलं तर विमा रद्द होतो का, तेही विचारा. तिथले अर्धे किनारे कच्च्या रस्त्यालाच असतात.

खारा वारा
चोरीबद्दल: गाडीत काहीच ठेवू नका आणि टप लावलेलं असलं तरी दार कुलूपबंद करू नका. कुलूप दिसलं की आत काहीतरी आहे असं वाटून टप फाडलं जातं, आणि त्याची भरपाई आतल्या पिशवीपेक्षा कितीतरी जास्त पडते.

किनारपट्टी
उन्हाचा मुद्दा वेळ पाळून सुटतो: सकाळी दहाच्या आत आणि दुपारी चारनंतर गाडी काढा. नाहीतरी भर दुपारी त्या उन्हात कोण हिंडतं? मी पूर्ण सुट्टीवर ठाम आहे.

सावलीत बरा
विमान भर दुपारी उतरलं आणि चार बॅगा असल्या, तर बीटलच्या पुढच्या डिकीत मावणार किती? सुट्टीभर साधी गाडी आणि मध्ये एक-दोन दिवस ही, असंच मी सांगेन.

नवखा प्रवासी
एकच शंका. गरम गाडी बंद केली आणि परत सुरूच होत नाही असं ऐकलंय. तेव्हा करायचं काय?

पाना-पक्कड
कार्ब्युरेटरच्या गाडीत हे होतं. बंद केल्यावर इंजिनची धग पेट्रोलपर्यंत पोचते. एकतर पाइपात वाफ धरते, नाहीतर पेट्रोल आत ओघळून प्लग ओले होतात. चोक (गार इंजिनासाठी जादा पेट्रोल देणारा खटका) ओढू नका. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा, पंप करू नका; प्रत्येक पंपाला आणखी पेट्रोल आत जातं. सेल्फ जास्तीत जास्त दहा सेकंद, मग अर्धा मिनिट विश्रांती. दोनदा जमलं नाही तर इंजिनचं झाकण उघडून पंधरा मिनिटं थांबा, पेट्रोल पंपावर आणि जवळच्या पाइपावर ओलं फडकं ठेवा.

आणि बीटलचं इंजिन असेल तर चालताना डायनॅमोचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) लाल दिवा लागताक्षणी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. बऱ्याचदा कारण तुटलेला बेल्ट असतो. त्या इंजिनात डायनॅमो आणि थंड हवेचा पंखा एकाच दांड्यावर आहेत, बेल्ट गेला की दोन्ही थांबतात. 'हॉटेलपर्यंत जाऊ' म्हणून तसंच चालवलं तर इंजिन जातं. जादा बेल्ट आणि तो बदलायचा पाना गाडीत आहे का, हे निघायच्या आधी मागच्या झाकणाखाली बघून घ्या.