घरात सगळ्यांनी मिळून बघितलेली मालिका : तुमचा अनुभव लिहा

जानेवारीत बाबा गेले आणि आई आमच्याकडे नाशिकला राहायला आली. दिवस तसा जातो तिचा, भाजी निवडते, पोथी वाचते, शेजारच्या काकूंशी गप्पा मारते, पण दिवेलागण झाली की एकदम गप्प होते. ती त्या दोघांची बातम्या बघायची वेळ होती ना. म्हणून आम्ही ठरवलं की रात्री आठ ते नऊ सगळ्यांनी टीव्हीसमोर बसायचं, मोबाइल आतल्या खोलीत ठेवून. सगळे म्हणजे आई (वय 76), मी, नवरा आणि नववीतला मुलगा.

सुरुवात 'श्रीयुत गंगाधर टिपरे'पासून केली. 2001 ला अल्फा मराठीवर सुरू झाली तेव्हा मी कॉलेजला होते आणि प्रत्येक वादात टिपऱ्यांची नात शलाका हिच्या बाजूने असायचे, आता बघताना लक्षात आलं की मी सारखी तिच्या आईकडे, श्यामलकडेच बघतेय, शुभांगी गोखलेंनी ती दिवसभर राबून संध्याकाळी सगळ्यांचे मूड सांभाळणारी बाई काय उभी केलीये! प्रभावळकरांचे आबा तर काय सांगायचं, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मतं असतात, हट्ट असतात, आणि त्याला कुणीतरी विचारलेलं आवडतं, हे माझ्या मुलाला मी सांगून कधी कळलं नसतं. तिसऱ्या दिवशी तो आजीला म्हणाला, आजी तू काय केलं असतंस गं आबांच्या जागी? आणि आई जवळजवळ अर्धा तास बोलत होती. जानेवारीनंतर पहिल्यांदा.

तर आता पुढे काय बघू? नुसतं नाव नका देऊ, तुमच्या घरात कोणी कोणी मिळून बघितली, काय झालं, ते लिहा. भाषा कुठलीही चालेल.

———

ताई, आईंना आणि मुलाला घेऊन 'भारत एक खोज' बघा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवला, आता निवृत्त आहे. 1988 ला दूरदर्शनवर सुरू झाली तेव्हा आमच्या गल्लीत दोनच टीव्ही होते आणि मी सातवीच्या पोरांना ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या ओसरीवर नेऊन बसवायचो, घरमालकीणबाई कधी नाही म्हणाल्या नाहीत. 53 भाग आहेत, श्याम बेनेगलांनी नेहरूंच्या पुस्तकावरून केलेली. सुरुवातीचं ते सृष्टीच्या आधी काहीच नव्हतं असं सांगणारं गाणं ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तावरून आहे, हिंदी रूप वसंत देवांचं आणि संगीत वनराज भाटियांचं, ते सुरू झालं की पोरं आपोआप गप्प बसायची, मला ओरडावं लागायचं नाही.

शिवाजी महाराज नसीरुद्दीन शहा आणि औरंगजेब ओम पुरी. तेच ओम पुरी बाकी मालिकेला निवेदनाचा आवाज पण देतात, पोरांना सुरुवातीला गोंधळायला व्हायचं, मग मी त्यांना हेच विचारायचो की इतिहास सांगणारा आणि इतिहासात असणारा वेगळा असतो का. आणि महात्मा फुले सदाशिव अमरापूरकरांनी केलेत. अमरापूरकर म्हटलं की सगळ्यांना सिनेमातले खलनायकच आठवतात, पण हे काम बघाच. यावर्षी मे महिन्यात नातीबरोबर परत बघितली, तिला सेट जुने वाटले, रंग फिके वाटले, चार भाग कंटाळली सुद्धा, पण फुल्यांच्या भागानंतर स्वतःहून म्हणाली आजोबा अजून एक लावा. रोज एकच भाग लावा एवढंच सांगतो, आणि झाल्यावर दहा मिनिटं बोला.

———

'गुल्लक' बघा डोळे झाकून. मिश्रांचं घर, भाग छोटे, एका सीझनला पाचच. आई झालेल्या गीतांजली कुलकर्णी आपल्या मराठीच, पण हिंदी बोलायला लागल्या की उत्तरेकडच्याच वाटतात. आम्ही इंदूरला राहतो, माझी सासू म्हणते ही माझ्या बहिणीसारखी ओरडते.

———

मी जी सांगणार आहे ती ताईंच्या आईंसाठी अजिबात नाही, हॉस्पिटलमधली दृश्यं फार त्रास देतात, पण अनुभव विचारलाय म्हणून लिहितोच. 'चेर्नोबिल', सोव्हिएत युनियनमधल्या अणुभट्टीच्या अपघातावरची, एचबीओची, 2019 ची, पाचच भाग.

मी रायगड जिल्ह्यात एका केमिकल प्लांटमध्ये शिफ्ट इन्चार्ज आहे, 19 वर्षं झाली. पहिल्यांदा एकट्याने बघितली, रात्रपाळीनंतरच्या सुट्टीला, आणि शेवटचा भाग संपल्यावर झोप लागेना म्हणून गच्चीवर जाऊन बसलो. लोकांना त्यात स्फोट दिसतो, किरणोत्सर्ग दिसतो, मला त्यात शिफ्ट दिसली. 25 एप्रिल 1986 ला दिवसा जी टेस्ट व्हायची होती ती कीव्हच्या ग्रिड कंट्रोलरने वीज लागतेय म्हणून पुढे ढकलायला लावली, ज्यांची तयारी झालेली ते घरी गेले आणि काम पडलं मध्यरात्री आलेल्या पोरांच्या गळ्यात. रिअ‍ॅक्टर चालवणारा तोप्तुनोव्ह फक्त 25 वर्षांचा होता. मालिकेत तो कागद हातात घेऊन विचारतो की यातल्या ओळी खोडल्यात तर मी नक्की काय करू. तिथे मी पॉज केलं.

कारण माझ्याकडे हे झालंय. दिवसपाळीचं काम लांबलं आणि अर्धवट माझ्या रात्रपाळीवर आलं, लॉगबुकमध्ये दोन ओळी खोडलेल्या, एक व्हॉल्व बंद ठेवलाय हे कुठेच लिहिलेलं नाही, आणि वरून घाई की सुरू करा. आमचे एक जुने ऑपरेटर होते, त्यांनी जाऊन लाइनवर हात ठेवला आणि म्हणाले साहेब ही गार का आहे, थांबा. थांबलो. काही झालं नाही म्हणून कुणाला कळलंही नाही. आता ते निवृत्त झालेत, मी दर दिवाळीला त्यांच्याकडे जातो.

दुसऱ्यांदा बायकोबरोबर बघितली. माझं काम नक्की काय आहे हे लग्नाला बारा वर्षं होऊन तिला तेव्हा कळलं, पाचव्या भागात शास्त्रज्ञ लेगासोव्ह कोर्टात लाल आणि निळ्या पट्ट्या लावून समजावतो ना, की रिअ‍ॅक्टर बंद करायचं बटण दाबल्यावर उलट ताकद का वाढली, कंट्रोल रॉडच्या टोकाला ग्रॅफाइट असल्यामुळे, तिथे ती म्हणाली ब्रेक दाबल्यावर गाडी पळाली असं. बरोबर तसंच. एक मात्र सांगतो, सगळं जसंच्या तसं घडलेलं समजू नका. ती बाई शास्त्रज्ञ खोम्युक काल्पनिक आहे, अनेक शास्त्रज्ञ मिळून एक पात्र केलंय, आणि खरा लेगासोव्ह त्या खटल्याला हजरच नव्हता. पण एका पाळीने दुसरीला द्यायचा हँडओव्हर अर्धवट झाला की काय होतं, आणि खालच्या माणसाला नाही म्हणता येत नसेल तर काय होतं, ते शंभर टक्के खरं आहे. आमच्या नव्या ट्रेनी पोरांना मी ही बघायला सांगतोच.

———

वरचं वाचून अंगावर काटा आला दादा. त्या ऑपरेटर काकांना आमच्याकडूनही नमस्कार सांगा.

———

अणुभट्टीवरून आठवलं, 'डार्क' कोणी बघितलीये का? जर्मन आहे, तीन सीझन, 26 भाग, विंडेन नावाचं गाव, तिथेही अणुवीज केंद्र, आणि काळ 33-33 वर्षांनी मागे जातो, 2019, 1986, 1953. मी आणि बहिणीने लॉकडाउनमध्ये बघितली, भिंतीवर कॅलेंडरची पाठकोरी बाजू चिकटवून कोण कुणाचा कोण ते लिहित गेलो, आईने सणाला ते काढलं तेव्हा आम्ही दोघी खरंच रडकुंडीला आलो. इंग्रजी डबिंगमध्ये नका बघू, मूळ जर्मन आवाज आणि खाली सबटायटल्स. सगळ्यांनी मिळून बघायची नाही ही, एका माणसाबरोबर बघायची.

———

'स्कॅम 1992' कुणीच कसं नाही लिहिलं? मी तेव्हा फोर्टला एका बँकेत नोकरीला होते, नवीनच लागलेले. 23 एप्रिल 1992 ला हर्षद मेहताच्या घोटाळ्याची पत्रकार सुचेता दलाल यांची बातमी आली त्या दिवशी लंच टाइमला डबा कुणी उघडलाच नाही. रेडी फॉरवर्ड (रोखे विकून ठरलेल्या दिवशी परत घ्यायचा व्यवहार) आणि बँक रिसीट (रोख्यांच्या जागी दिलेली पावती) हे काय असतं ते माझ्या यजमानांना मी तीस वर्षं समजावत होते, या मालिकेने चार भागांत समजावलं. रोखे हातात नसताना नुसत्या पावतीवर पैसे फिरत होते हो! प्रतीक गांधींचं काम उत्तम आहेच पण मला श्रेया धन्वंतरीने केलेली पत्रकार जास्त आवडली, आकडा जुळत नाही म्हणून ती सोडतच नाही. त्या काळात बँकेत हिशेब एका रुपयाने चुकला तर आम्ही रात्री आठ आठ वाजेपर्यंत बसायचो, त्यामुळे मला तो हट्ट ओळखीचा. शिव्या आहेत, म्हणून नववीतल्या मुलाबरोबर नको.

———

'मालगुडी डेज'. बाकी काही बघितलं नाही तरी चालेल.

आम्ही बेळगावचे, घरात मराठी बाहेर कानडी, त्यामुळे मालिकेचे दिग्दर्शक शंकर नाग आमच्याकडे दोन्हीकडचे. कानडी सिनेमात जायच्या आधी ते मुंबईत मराठी नाटकात होते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. 1990 ला अपघातात गेले तेव्हा फक्त 35 वर्षांचे होते. एवढ्या वयात ही मालिका करून ठेवली. आर. के. नारायण यांच्या गोष्टी, चित्रं त्यांच्या भावाची म्हणजे आर. के. लक्ष्मण यांची, संगीत एल. वैद्यनाथन यांचं, आणि गोष्टीतल्या छोट्या स्वामीचे कडक वडील गिरीश कर्नाड. माझे वडील रेल्वेत होते आणि त्यांना बदल्यांमुळे कुठलंच गाव आपलं वाटायचं नाही, ते म्हणायचे मालगुडी माझं गाव. त्यांना घेऊन आगुंब्याला गेलो होतो, शूटिंग तिथलंच आहे, पावसाने भिजलेली कौलं, तो मोठा वाडा. वडील त्या वाड्याच्या पायरीवर वीस मिनिटं बसून राहिले. स्टेशन म्हणून दाखवलंय ते शिमोग्याजवळचं अरसाळू, तिथे आता मालगुडी म्युझियम केलंय पण ते 2020 मधलं, वडील तोवर नव्हते.

———

काकू तुमच्या आईंसाठी माझ्याकडे एक वेगळीच आहे, कोरियन. 'रिप्लाय 1988'. ऐकून घ्या आधी.

मी पुण्याला शिकायला आजीकडे राहतो, आजी गिरगावातल्या चाळीत वाढलेली. मी जेवताना बघत होतो तर ती मागून येऊन उभी राहिली आणि म्हणाली ह्या बायका ताटं घेऊन कुठे चालल्यात? पहिल्याच भागात आहे, सोलमधली एक गल्ली, पाच घरं, रात्रीच्या जेवणाआधी प्रत्येक आई आपल्या पोराच्या हातात काहीतरी देऊन शेजारी पाठवते, आणि ते पोर रिकामं परत येत नाही, दुसरं काहीतरी घेऊन येतं, शेवटी सगळ्यांच्या ताटात सगळ्यांचं जेवण. आजी खुर्ची ओढून बसली. मग मी इंग्रजी सबटायटल्स वाचून तिला मराठीत सांगायला लागलो, पहिल्या दिवशी घसा बसला, पण नंतर सवय झाली, आणि कोरियन आईचं बोलणं मराठीत आणताना मी आपोआप आजीसारखंच बोलायला लागलो, अगं बाई, मेल्या, असं.

त्यात मधली मुलगी आहे दोकसन, तिचा वाढदिवस दरवर्षी मोठ्या बहिणीच्याच केकवर उरकतात. ती एकदा फुटते, अंडं तिला नाही, कोंबडीची तंगडी तिला नाही, सगळं सगळं बोलून दाखवते. आजी चार भावंडांत मधली. तिने मला थांबवलं आणि म्हणाली सांगू नकोस, कळलं मला. त्याच मुलीची सोल ऑलिंपिकमध्ये मादागास्करचा फलक घेऊन चालायला निवड झालेली असते, किती महिने सराव करते, आणि तो देशच माघार घेतो. मादागास्करने खरंच घेतली होती तेव्हा. वीस भाग आहेत आणि दीड दीड तासाचे, आम्हाला दोन महिने लागले. शेवटी गल्ली रिकामी होते तेव्हा आजीने टीव्ही बंद करायला सांगितलं आणि गिरगावच्या घराला कुलूप लावलं तो दिवस पहिल्यांदा मला सांगितला. माझ्या बाबांनाही तो माहीत नव्हता.

———

+1. फक्त सबटायटल्सचा आकार वाढवून घ्या, सेटिंगमध्ये असतो, अक्षरं मोठी आणि मागे काळी पट्टी ठेवा. आमच्या काकांना त्यानेच फरक पडला, तोवर ते कंटाळून उठून जायचे आणि आम्हाला वाटायचं आवडत नाहीये.

———

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, एवढं मनापासून लिहाल असं वाटलं नव्हतं. तीन आठवड्यांनी लिहितेय.

मालगुडी झाली, आईला स्वामीपेक्षा आजी आवडली त्याची. आता रिप्लाय 1988 चा सातवा भाग चाललाय, दीड तास एका बसणीत आईला झेपत नाही म्हणून अर्धा आज अर्धा उद्या. भाषांतराचं काम मुलाकडे. काल तो घाईघाईत पुढे चालला तर आई म्हणाली, थांब, त्या बाईने वाडग्यातून काय पाठवलं ते सांग आधी. दादा, चेर्नोबिल मी आणि नवऱ्याने रात्री उशिरा बघितली, तो एमआयडीसीत असतो, बघून झाल्यावर बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला उद्या लवकर निघतो.

भारत एक खोज दिवाळीच्या सुट्टीसाठी ठेवलीये. सर, फुल्यांचा भाग कितवा ते सांगाल का? आई म्हणतेय तो आधी बघू.