मदत हवी आहे: गच्चीवरच्या मेलिंजोची पानं करपताहेत

नमस्कार मंडळी. कोथरूडला आमच्या गच्चीवर मेलिंजोचं (नीटम नेमॉन) एक रोप आहे. केरळातल्या एका नर्सरीतून दोन मागवली होती. ‘कुठल्याही मातीत येतं’ असं तिथे सांगितलं होतं, पण त्यातलं एक रोप मे महिन्यातच गेलं. फार जिवाला लागलं. उरलेलं जगवायचंच आहे.

लेकीच्या बाळंतपणाला इंडोनेशियात बांडुंगला होते, तेव्हा या झाडाची ओळख झाली. शेजारच्या बाई बिया भाजून, टरफल काढून, गरम असतानाच ठेचून चपट्या करायच्या आणि उन्हात वाळवून तळायच्या. त्याला एम्पिंग म्हणतात. खाल्ल्यावर जिभेवर किंचित कडवटपणा राहतो, तोच मला आवडायचा. कोवळी पानं आणि बिया सायुर आसेममध्ये पडतात. म्हणजे चिंचेचं आंबट सार, त्यात शेंगदाणे, मका, कोवळा फणस. आपल्या आळूच्या फतफत्याला अगदी जवळचं वाटलं मला.

आता रोपाबद्दल. उंची दोन फूट, 14 इंची कुंडी, लाल माती, शेणखत आणि थोडं कोकोपीट. पानांची नवी जोडी तांबूस, लुसलुशीत येते. पंधरवड्यात टोक तपकिरी होतं, मग कडा कागदासारख्या कुरकुरीत होतात. देठाकडचा भाग मात्र हिरवागार राहतो. भिंग घेऊन पानांची मागची बाजू पाहिली, कीड नाही.

सोसायटीला बोअरचं पाणी आहे, बादलीला पांढरा थर बसतो. जुलै-ऑगस्टमध्ये तीन जोड्या फुटल्या आणि एकही पान करपलं नाही. पण पावसाळ्यात पाणीही बदललं आणि हवाही दमट झाली, त्यामुळे दोष कोणाचा ते कळेना. झाड मूळचं आग्नेय आशियातल्या दमट जंगलातलं, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं. आपल्याकडची ऑक्टोबरची कोरडी हवा त्याला कशी मानवणार? सध्या साठवलेलं पावसाचं पाणी घालतेय आणि वर हिरवी शेडनेट बांधली आहे. नवी जोडी अजून चांगली आहे, पण तिला नऊच दिवस झालेत.

खाली आवारात आंब्याच्या सावलीत जागा मिळते आहे. तिथे दीड फुटावर मुरूम लागतो. थंडीच्या आधी लावू की पुढच्या जूनपर्यंत कुंडीतच ठेवू?

शिवाय यात नर-मादी झाडं वेगळी असतात. लाल फळासारखं दिसतं ते खरं तर बीच, आणि ते मादीलाच धरतं. माझं रोप बियांपासूनचं, त्यामुळे काय निघेल सांगता येत नाही. कोकणात किंवा गोव्यात कुणाकडे बी धरलेलं झाड असेल तर छाट कलमासाठी फांदी मिळेल का? मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

पानांचे फोटो उद्या सकाळच्या उजेडात काढून टाकते.