नाशिकमध्ये कोई मासे दोन फुटांपर्यंत वाढवता येतात का?

पाथर्डीफाटा_हौद:
नमस्कार. घरामागे सिमेंटचा हौद आहे, १० फूट लांब, ८ फूट रुंद, ४ फूट खोल. त्यात १४ कोई (शोभेचे रंगीत कार्प मासे) आहेत. पहिल्या वर्षी भराभर वाढले, आता तिसरं वर्ष चालू आहे आणि सगळे १४ इंचांच्या आसपास थांबलेत. पाणी नळाचं, एअर पंप चोवीस तास, खाद्य दोन वेळा, फिल्टर घरीच ड्रममध्ये केलेला. मला दोन फुटांचा कोई बघायचाय, स्वतः वाढवलेला. दुसरं म्हणजे, या उन्हाळ्याच्या तोंडावर एका मादीने जलपर्णीच्या मुळांना अंडी घातली, दुपारपर्यंत बाकीच्यांनी सगळी फस्त केली. पुढच्या वेळी पिल्लं वाचवायची तर काय करावं?

सिडको_ॲक्वा:
ताई, ४० टक्के प्रथिनांचं खाद्य चालू करा आणि दिवसातून चारदा थोडं थोडं द्या. दोन वेळांत वाढ होत नाही.

बसवंत_तळेकरी:
ताई, आमची पिंपळगावला द्राक्षबाग आहे आणि बागेच्या शेततळ्यात बरीच वर्षं कोई वाढवतोय, त्यावरून सांगतो. वरच्या दादांनी सांगितलेलं खाद्य चांगलंच आहे, पण आज आहे त्या हौदात ते देऊ नका. तुमच्या हौदात साधारण ९,००० लिटर पाणी मावतं. १४ जणांत वाटलं तर एकाला ६५० लिटरही येत नाही. मोठ्या कोईला मी दीड-दोन हजार लिटरपेक्षा कमी देत नाही. खाद्य वाढलं की अमोनिया वाढणार. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण नायट्रेट तिथेच साचतं. ते पाणी बदलल्याशिवाय जात नाही. दर आठवड्याला निदान पाचवा हिस्सा पाणी बदला, आणि नळाच्या पाण्यात आधी अँटीक्लोरीन टाका, नाहीतर क्लोरीनने फिल्टरचे जिवाणूच मरतील.

द्राक्षाच्या घडातले मणी विरळल्याशिवाय उरलेले फुगत नाहीत, तसंच इथे आहे. ५ मासे ठेवा. निवडताना रंगाकडे शेवटी बघा. डोकं रुंद, खांदे भरलेले, शेपटीच्या मुळाशी अंग जाड, असा मासा मोठा होतो. शक्यतो माद्या ठेवा, नरापेक्षा त्याच जास्त वाढतात. विणीच्या दिवसांत नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांवर बारीक खरखरीत पुटकुळ्या येतात, हात फिरवला की कळतं. एखादी चागोई जातीची कोई मिळाली तर घ्या. तपकिरी, साधी दिसते, पण वाढीला सगळ्यांच्या पुढे आणि माणसाळतेही लवकर.

आपल्याला हवामानाची मोठी साथ आहे, हे लोक लक्षातच घेत नाहीत. कोई जिथे घडले त्या जपानच्या निगाता भागात हिवाळाभर बर्फ असतो. तिथल्या डोंगरातल्या भातशेती करणाऱ्यांनी खाण्यासाठी पाळलेल्या काळ्या कार्पमधून एकोणिसाव्या शतकात रंगीत पिल्लं वेगळी काढत हा मासा तयार केला. १९१४ च्या टोकियोतल्या प्रदर्शनानंतर तो बाहेर माहीत झाला. आजही तिथे मासे उन्हाळ्यात मातीच्या तळ्यात सोडतात आणि शरद ऋतूत काढून आत आणतात. वाढीचे महिने मोजकेच. आपल्याकडे पाणी २० अंशांच्या वर वर्षातला बहुतेक काळ असतं. थंडीत पाणी १५ च्या खाली गेलं की खाद्य कमी करा, १० ला पूर्ण बंद. एप्रिल-मेमध्ये उलटी काळजी, गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि पहाटे तो सगळ्यात कमी असतो. हौदावर शेडनेट बांधा, पहिलं खाद्य ऊन वर आल्यावरच द्या, आणि वीज गेली तर पंप चालेल इतका इन्व्हर्टर ठेवा.

आता पिल्लांचं. पाणी २० अंशांकडे चढू लागलं की एक मादी आणि दोन नर वेगळ्या टाकीत घ्या, त्यात नायलॉन दोरीचे उसवलेले झुबके सोडा. वीण बहुधा पहाटे होते. झाली की मोठे मासे लगेच काढा. अंड्यांवर बुरशी दिसली तर थोडं मिथिलीन ब्ल्यू, म्हणजे बुरशीवरचं निळं औषध. तीन-चार दिवसांत जिरे, म्हणजे अगदी बारीक पिल्लं, बाहेर पडतात, पुढचे दोन-तीन दिवस ते पोटातल्या बलकावरच असतात, तेव्हा काही देऊ नका. पोहायला लागले की उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कापडातून गाळून, आणि आधीपासून शेवाळाने हिरव्या केलेल्या पाण्यातले डाफ्निया, म्हणजे बारीक पाणपिसवा. शेततळ्यात सोडणार असाल तर आधी चतुराच्या अळ्या आणि पाणढेकूण काढा, पिल्लं बोटाएवढी (बोटुकली) व्हायच्या आत ते निम्मी-अर्धी फस्त करतात.

खरं काम त्यानंतरचं, निवड. मोठ्या मादीची अंडी लाखांत असतात, सगळी वाढवायला गेलात तर एकही मोठा होणार नाही. वाकड्या पाठीचे, तुटक्या जबड्याचे आधी काढा. कोहाकूत, म्हणजे पांढऱ्यावर लाल ठिपक्यांच्या जातीत, महिना-सव्वा महिन्याने नुसते पांढरे आणि नुसते लाल काढतात. शोवाची, म्हणजे काळ्यावर लाल-पांढऱ्या जातीची, निवड तर अंड्यातून निघाल्यावर काही दिवसांतच करतात, काळी पिल्लं तेवढी ठेवतात. मन घट्ट करावं लागतं, पण एका खेपेतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके ठेवले तरच जातीचा मासा हाती लागतो.

ओझर_बागाईत:
शेततळ्यात करणाऱ्यांनी फवारणीचं बघा. बुरशीसाठी मारतात त्या बोर्डो मिश्रणातलं तांबं माशांना विषारी आहे, पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं तर त्याहून वाईट. वारा तळ्याकडे असताना ब्लोअर चालवू नका आणि पंप तळ्याच्या कागदावर धुऊ नका.

पाथर्डीफाटा_हौद:
काका, फार मोलाचं सांगितलंत. पण काढलेल्या पिल्लांचं काय करायचं? आणि हौदातले ९? गोदावरीत सोडले तर जगतील ना?

बसवंत_तळेकरी:
जगतील, म्हणूनच सोडू नका. कोई हा सायप्रिनसच, म्हणजे साधा कार्पच. तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो. खाली नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्य आहे, २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेलं राज्यातलं पहिलं ठिकाण. शिवाय आपल्या माशांचे रोगही नदीत जातात. सुदृढ पिल्लं बंद शेततळंवाल्यांना द्या, आनंदाने नेतात. व्यंग असलेल्यांना लवंग तेलाच्या पाण्यात शांतपणे संपवा.

ते ९ ज्यांना द्याल त्यांना सांगा, निदान तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा, जाळी-बादलीसुद्धा वेगळी. तुम्हीही नवीन मासा आणाल तेव्हा हेच करा. कोई हर्पिस या विषाणूच्या रोगावर औषध नाही, एका माशामुळे अख्खा हौद जातो.